ए-वन हुलगा

फाईलचं वजन दोन किलो शंभर ग्रॅम भरलं. सांगलीच्या विश्रामबागेत झेरॉक्सवाल्याच्या शेजारी किराणा दुकान आहे, तिथल्या काट्यावर नवऱ्याने गंमत म्हणून ठेवून बघितली. सहयोगी प्राध्यापकाचा प्राध्यापक व्हायला लागणारी ती फाईल. अशा तीन प्रती. पानापानावर शिक्का, दाव्यादाव्याला पुरावा आणि पुराव्याला अनुक्रमांक.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांप्रमाणे या बढतीला किमान 10 शोधनिबंध लागतात, त्यातले 3 मूल्यमापनाच्या काळातले, आणि संशोधनाचे 110 गुण. विज्ञान शाखेत एका निबंधाला 8. नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या निबंधांना सरासरी किती उल्लेख मिळतात तो आकडा) असेल तर तो पाहून 10, 15, 20 असं वर चढायचं. नसेल, पण निबंध तज्ज्ञांनी तपासलेला असेल, तर 5. हे 5 त्या आठात मिळवायचे की आठाच्या जागी धरायचे, यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट आहेत आणि दोघांकडेही आपापल्या बाजूच्या परिपत्रकाची झेरॉक्स आहे. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. जास्त असतील तर मुख्य लेखकाला 70, बाकीच्यांना प्रत्येकी 30. जमिनीच्या वाटणीतसुद्धा भाऊभाऊ इतका बारीक हिशोब करत नसतील.

हे सगळं भरून झाल्यावर शेवटी एक तक्ता उरला. एकूण साइटेशन्स, म्हणजे दुसऱ्या निबंधांत झालेले उल्लेख, किती, एच-इंडेक्स किती, सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध कोणता. एच-इंडेक्स ही हॉर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली काढलेली युक्ती. किमान पाच-पाच वेळा उल्लेख झालेले पाच निबंध असतील, तर तुमचा आकडा पाच. माझे निबंध अकरा आणि आकडा बरोबर पाच. तिसऱ्या रकान्यात मात्र पेन अडलं. माझा सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध म्हणजे दोन पानांचं एक टिपण निघालं. ना इम्पॅक्ट फॅक्टर, ना मोठं नाव, आणि विषय काय, तर माझ्याकडून झालेली एक चूक.

माझं माहेर जत तालुक्यातलं. पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे रानात बाजरी, मटकी आणि हुलगा. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तोच हा. थंडीत माडगं, कधी शेंगोळे, कुणाला मुतखडा झाला तर कढण, आणि उरलेला भरडून बैलांना. 2007 साली मी पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. विषय शोधत गाईडसरांकडे कोल्हापूरला खेपा चालल्या होत्या. मी आपली यादी घेऊन जायची, सर एकेक खोडायचे. हे महाग, ते जुनं, त्याला लागणारं यंत्र आपल्याकडे नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "तुमच्या रानात काय पिकतं हो?" मी सांगितलं. सर हसले आणि कपाटातून एक पिवळी पडलेली झेरॉक्स काढली. 'करंट सायन्स'मधलं 1951 सालचं टिपण. लेखक जी. डब्ल्यू. जी. बर्ड. हुलग्याच्या अर्कात माणसाच्या ए गटाच्या तांबड्या पेशी गोळा होतात, एवढाच मुद्दा. हुलग्याचं शास्त्रीय नाव तेव्हा डॉलिकॉस बायफ्लोरस. मी ते दोनदा वाचलं. आमच्या बैलांच्या भरड्याला रक्तगट कळतो, हे मला बत्तिसाव्या वर्षी कळत होतं.

थोडं समजावून सांगते, कारण पुढे लागेल. आपल्या पेशींवरच्या पुष्कळशा प्रथिनांच्या आणि स्निग्ध पदार्थांच्या अंगावर साखरेच्या लहान लहान फांद्या असतात. अशी साखर लागलेलं प्रथिन म्हणजे ग्लायकोप्रोटीन. ए गटाच्या तांबड्या पेशीवर अशा फांदीच्या टोकाला एन-ॲसिटाइल गॅलॅक्टोसामाइन ही साखर असते, बी गटात तिथे गॅलॅक्टोज, आणि ओ गटात ही टोकाची जादा साखर लागतच नाही. फरक एका साखरेचा; पण चुकीच्या गटाची पिशवी चढवली तर माणूस हातचा जातो. बियांमधली काही प्रथिनं नेमकी एकेक साखर ओळखून धरतात. त्यांना एकाहून जास्त हात असल्यामुळे एका हाताने ही पेशी, दुसऱ्याने ती पेशी पकडतात आणि सगळ्यांचा गोळा होतो. 1888 साली श्टिलमार्कने एरंडाच्या बियांत हे पहिल्यांदा पाहिलं. पुढे 1954 साली बॉइड यांनी त्यांना लेक्टिन हे नाव दिलं, लॅटिनमधल्या 'निवडणे' या क्रियापदावरून. सुपात हुलगं निवडत बसलेल्या आईला मी हे सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग खडं बी निवडू दे की त्येलाच."

गंमत म्हणजे हुलग्याचं लेक्टिन स्वतःच ग्लायकोप्रोटीन आहे. साखर ओळखणारं, आणि अंगावर साखर मिरवणारं. एट्झलर आणि कॅबट यांनी 1970 साली ते शुद्ध केलं. चार तुकड्यांचं प्रथिन, अंगावरची साखर जेमतेम चार टक्के, तीही मुख्यतः मॅनोज. मला जत-आटपाडीकडच्या काळ्या आणि तपकिरी हुलग्यांतलं लेक्टिन वेगवेगळं शुद्ध करून त्यांच्या अंगावरची साखर मोजायची होती. सिनॉप्सिसमध्ये हे एका ओळीत मावलं. करायला सहा वर्षं गेली.

आईने पहिल्यांदा पाच किलोचं गठुडं बांधून दिलं तेव्हा विचारलं, "एवढं हुलगं न्हेतीस, कालिजात बैलं पाळल्यात का काय?"

हुलगे रात्रभर भिजवायचे, टरफल काढायचं, मिक्सरला फिरवायचं (घरचा मिक्सर, भांडं नंतर कायमचं लॅबला गेलं), ॲसिटोनने तेल काढायचं, मग मिठाच्या बफरमध्ये (आंबटपणा बदलू न देणारं पाणी) थंडीत ढवळत ठेवायचं, फडक्यातून गाळून सेंट्रिफ्यूज करायचं, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून गाळ खाली बसवायचा. वर येतं ते गढूळ पिवळट पाणी, त्यात शेकडो प्रथिनं. पुढचा टप्पा अमोनियम सल्फेटचा. माझे वडील हेच अमोनियम सल्फेट खत म्हणून पोत्याने आणायचे. लॅबमधलं शुद्ध, अर्ध्या किलोच्या डब्यातलं. ते एकदम ओतायचं नसतं. पिठलं करताना पीठ भुरभुरवतो तसं, एका हाताने ढवळत, चिमूट चिमूट. घाई केली की तिथल्या तिथे गुठळी होते आणि नको ती प्रथिनंही खाली बसतात. माझ्या आधीच्या आठ-दहा वर्षांच्या पिठल्यांचा इथे उपयोग झाला, असं मी थिसिसमध्ये लिहू शकले नाही.

मग डायलिसिस. मीठ काढून टाकायला प्रथिन पारदर्शक नळीच्या पिशवीत भरून बफरमध्ये सोडतात. पिशवी अर्धी रिकामी ठेवायची असते, कारण आत मीठ जास्त म्हणून पाणी आत शिरतं आणि ती फुगते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पहिल्या वेळी मी ती गच्च भरली. सकाळी बीकरमध्ये पिशवी फाटलेल्या फुग्यासारखी लोंबत होती आणि नऊ दिवसांचं काम दोन लिटर बफरमध्ये विरघळून गेलेलं. त्यात ते दिवस भारनियमनाचे. सेंट्रिफ्यूज मध्येच थांबायचा, खाली बसलेला गाळ पुन्हा वर उठायचा. मी वीज जाण्याचं वेळापत्रक फ्रीजच्या दारावर चिकटवलं होतं. वीज ते पाळायची नाही, मी मात्र पाळायची.

शेवटची पायरी ॲफिनिटी कॉलमची. लेक्टिनला हवी ती साखर मण्यांवर बांधून नळीत भरायची आणि वरून अर्क सोडायचा. बाकी सगळं वाहून जातं, लेक्टिन तेवढं अडकतं. त्या साखरेची किंमत पाहून मी कॅटलॉग मिटला. सरांनी जुना मार्ग दाखवला. डुकराच्या जठरातल्या म्यूसिनवर, म्हणजे तिथल्या चिकट स्रावातल्या प्रथिनावर, ए गटाची साखर असते. एट्झलर आणि कॅबट यांनीही डुकराकडूनच हे ए गटाच्या साखरेचं द्रव्य घेतलं होतं. म्यूसिनची बाटली परवडण्यासारखी होती. ती मण्यांवर चढवली आणि महाग साखर फक्त सोडवून घेण्यापुरती, काही मिलिग्रॅम वापरली. नळ्या आपोआप बदलणारा फ्रॅक्शन कलेक्टर नव्हता. स्टॉपवॉच लावून मी स्वतःच नळ्या बदलत होते, दर नळीत दोन मिलिलिटर. साखरेचं पाणी सोडल्यावर पाचव्या, सहाव्या, सातव्या नळीत काही नाही. चौदाव्या नळीचं रीडिंग उसळलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि खाली वॉचमन गेटची साखळी वाजवून मला घरी जायची आठवण करून देत होता.

रीडिंग उसळलं म्हणजे प्रथिन आहे एवढंच. ते लेक्टिन आहे का, हे रक्तच सांगतं. शहाण्णव खळग्यांची प्लॅस्टिकची ताटली असते. पहिल्या खळग्यात लेक्टिन, दुसऱ्यात निम्मं, तिसऱ्यात त्याच्या निम्मं, असं पातळ करत जायचं. प्रत्येकात धुतलेल्या तांबड्या पेशींचं पाणी घालायचं आणि तासभर हात लावायचा नाही. पेशी सुट्या असतील तर घरंगळत तळाशी जमतात आणि मधोमध लालभडक टिकली होते. गोळा झाल्या असतील तर सगळा तळ सारवल्यासारखा दिसतो. शेवटचं सारवण ज्या खळग्यात, तिथे लेक्टिन किती पट पातळ झालं तो टायटर: पेशींचं पाणी धरून पहिल्या खळग्यात 2, दुसऱ्यात 4, तिसऱ्यात 8. आमच्या लॅबमध्ये पोरं एकमेकांना विचारायची, "टिकली कुठे आली?" बाहेरच्या माणसाला हळदीकुंकू चाललंय असं वाटावं.

माझं स्वतःचं रक्त ओ, म्हणजे या कामाला निरुपयोगी. आमच्या लॅबचे शिपाईमामा ए गटाचे. एथिक्स कमिटीचा कागद आणला, मामांची संमती घेतली, आणि दर सोमवारी मिरजेचा एक टेक्निशियन येऊन त्यांचं दोन मिलिलिटर रक्त काढायचा. मामा त्यावर एक चहा आणि एक वडापाव वसूल करायचे. टायटर 512 च्या आसपास स्थिर. काळ्या हुलग्याचा, तपकिरीचा, मोड आलेल्याचा, सगळ्यांचा मोजून झाला. मोड वाढत गेला की टायटर उतरतो. कुकरच्या पाच शिट्ट्यांनंतर काहीच उरत नाही, त्यामुळे माडगं खाणाऱ्यांनी निर्धास्त असावं.

2010 च्या मेमध्ये मामा निवृत्त झाले. निरोप समारंभात मी जरा जास्तच रडले. लोकांना त्याचं कारण वेगळं वाटलं असेल. जूनमध्ये एम.एस्सी.चा एक मुलगा तयार झाला. कॉलेजच्या कार्डावर गट ए पॉझिटिव्ह. पहिली ताटली लावली आणि तिसऱ्या खळग्यानंतर सगळीकडे टिकल्याच टिकल्या. 512 वरून 8.

पुढचे पाच आठवडे मी कुठे कुठे शोधलं ते वहीत आहे. बफरचा पीएच. नवीन मिठाची बाटली. फ्रीजर मध्येच बंद पडला होता का. हुलगे जुने झाले का. म्हणून आईकडून नवीन मागवले. मग मला वाटलं, सापडलं: रक्त गोठू नये म्हणून नळीत जे ईडीटीए असतं ते कॅल्शियम ओढून घेतं, आणि शेंगवर्गी लेक्टिनांना तर कॅल्शियम-मँगनीज लागतं. दोन दिवस मी खुशीत होते. कॅल्शियम न ओढणाऱ्या हेपारिनच्या नळ्या आणल्या. टायटर 8. पेशी तीनदाऐवजी सहादा धुतल्या. 8. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "प्रथिन मेलं असेल, नवीन करा." नवीन केलं. एकवीस दिवस. 8.

शेवटी मी मिरजेतल्या एका रक्तपेढीत ए गटाच्या पेशी मागायला गेले. काउंटरवरच्या ताईंनी पत्र वाचलं आणि सहज विचारलं, "मॅडम, ए-वन पाहिजे का ए-टू?"

मी गप्प. जीवरसायनशास्त्राची बारा वर्षं डोक्यात, आणि ए गटाला उपगट असतात हे शेवटचं मी बी.एस्सी.च्या परीक्षेत लिहिलं होतं. ताई आत गेल्या आणि फ्रीजमधून एक छोटी ड्रॉपरची बाटली घेऊन आल्या. "दाता इथं पाठवा, याच्यावर कळतं." बाटलीवर लिहिलं होतं, अँटी-ए-वन लेक्टिन. खाली बारीक अक्षरात डॉलिकॉस बायफ्लोरस.

"हे कशाचं असतं, माहीत आहे?" मी विचारलं.

"केमिकल असतं."

"हुलगा आहे."

त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. "जा... आपला माडग्याचा?"

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन गेले. ताईंनी काचपट्टीवर दोन थेंब घातले, एक त्याच्या पेशींचा आणि एक ए-वनचा म्हणून ठेवलेल्या पेशींचा. दोन्हींत बाटलीतला हुलगा टाकला आणि पट्टी हातात डोलवली. ए-वनचा थेंब बघता बघता नासलेल्या दुधासारखा फुटला. मुलाचा थेंब तसाच, एकजीव लाल. त्याचा गट ए-टू. आपल्याकडे कमी आढळतो, पण आढळतो. ए-वन पेशीवर त्या टोकाच्या साखरेच्या सुमारे 10 लाख जागा असतात, ए-टूवर साधारण चौथाई. हुलग्याचा दाट अर्क दोघांनाही गोळा करतो, म्हणून पहिले तीन खळगे मला फसवत राहिले. पातळ केला की तो फक्त ए-वनलाच धरतो, आणि याच खोडीमुळे रक्तपेढ्या त्याला बाटलीत भरून ठेवतात. माझं प्रथिन ठणठणीत होतं. ते मला पाच आठवडे बरोबर उत्तर देत होतं, प्रश्न मी चुकीचा लावला होता.

मुलाला भयंकर अपराधी वाटत होतं. परतताना बसमध्ये मला म्हणाला, "मॅडम, माझ्या रक्तात काही दोष आहे का?" मी त्याला 1952 ची गोष्ट सांगितली. मुंबईत भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं की त्यात ए, बी तर नाहीच, पण ते ज्या पायावर बसतात तो एच हा पायाही नाही. जगभर तो गट आता बॉम्बे याच नावाने ओळखला जातो. "त्या मानाने तू अगदीच साधा आहेस," मी म्हटलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

हे सगळं मी दोन पानांत लिहून काढलं. शुद्ध लेक्टिनची चाचणी घेण्यापूर्वी दात्याचा उपगट तपासा, नाहीतर चांगलं प्रथिन फेकून द्याल. सोबत दोन दात्यांचा एक तक्ता. सर म्हणाले, "ह्यात नवीन काय आहे? रक्तपेढीतल्या पोरालाही माहीत असतं." खरं होतं. पण मला माहीत नव्हतं, आणि माझ्यासारखे बियांतून लेक्टिन काढणारे रसायनवाले रक्तपेढीत जात नाहीत. एका लहानशा नियतकालिकाने ते छापलं.

माझा ज्यावर जीव होता तो निबंध वेगळा. काळ्या हुलग्याच्या लेक्टिनवर साखर किती, हे सांगणारा. मोजायची रीत ड्यूबुआ यांची 1956 ची: फिनॉल घालायचं, वरून तीव्र सल्फ्युरिक आम्ल जोरात सोडायचं, नळी हाताला चटका देते आणि साखर असेल तर केशरी-पिवळा रंग चढतो. माझा आकडा नऊ टक्के आला. छापील आकड्याच्या दुपटीहून जास्त! मी हवेत. निबंध पाठवला. परीक्षकाचं उत्तर एका वाक्याचं होतं, की ही साखर प्रथिनाची नसून भेसळ असावी.

मी चिडले. सरांनी मला ऐकवलं की हे दुखणं जुनंच आहे. अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनासोबत साखर येते हे लोकांना कधीपासून दिसत होतं, पण ती मळ म्हणून धरली जायची. 1938 साली न्यूबर्गर यांनी दाखवलं की कितीही शुद्ध केलं तरी ती सुटत नाही, ती प्रथिनालाच जोडलेली आहे. ग्लायकोप्रोटीनचा अभ्यास असा 'मळ आहे की अंग आहे' या भांडणातूनच पुढे आला. "तेव्हा तुम्हीही सिद्ध करा," सर म्हणाले.

सिद्ध करायला बसले आणि परीक्षक निम्मा बरोबर निघाला. कॉलमच्या तळाशी मी कापसाचा बोळा घातला होता. कापूस म्हणजे सेल्युलोज, सेल्युलोज म्हणजे साखरच. त्याचे तंतू नळीत उतरत होते आणि आम्लात केशरी होत होते. कॉलमचे मणीही ॲगॅरोजचे, म्हणजे साखरेच्याच साखळ्यांचे, तेही थोडे झिजून साखर सोडत होते. नळ्या पुसायचा टिश्यूपेपर, तोही त्यातलाच. कापसाच्या जागी काचलोकर घातली, नळ्या पुसणं बंद केलं, रिकाम्या कॉलममधून नुसता बफर सोडून त्याची साखर वजा केली. नऊचे सहा झाले, सहाचे साडेचार, शेवटी चारच्या जरा खाली येऊन आकडा थांबला. चार महिन्यांनी मी 1970 च्या आकड्याजवळ परत आले होते. मग जेल चालवून (विजेच्या प्रवाहाने प्रथिनं जेलमधून सरकवून पट्ट्यांत वेगळी करून) त्यावर शिफचा रंग दिला, जो साखर लागलेल्या प्रथिनावरच चढतो. ज्या जागी प्रथिनाची निळी पट्टी, नेमकी त्याच जागी जांभळट गुलाबी पट्टी उमटली. त्या जेलचा फोटो अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. निबंध चांगल्या नियतकालिकात आला, इम्पॅक्ट फॅक्टर एकाच्या वर. 15 गुण, त्याचे 70 टक्के साडेदहा. आजवर उल्लेख चार, त्यातले दोन मी स्वतःच केलेले.

आणि ते दोन पानी टिपण? अडतीस. कुणी फणसाच्या आठळ्यांवर काम करणारं, कुणी कसल्या रानशेंगांवर. सगळ्यांचं वाक्य जवळपास एकच: 'दात्यांचा उपगट आधी तपासून घेतला', आणि पुढे माझं नाव.

याचं आधी वाईट वाटलं. मग मी ओलिव्हर लाउरी यांच्याबद्दल वाचलं. त्यांचा प्रथिन मोजण्याच्या पद्धतीचा निबंध 1951 सालचा. 'नेचर'ने 2014 साली सर्वाधिक उल्लेख झालेल्या निबंधांची यादी केली त्यात तो पहिला होता, 3 लाखांहून अधिक उल्लेख. दुसरा लेमलींचा, तिसरा ब्रॅडफर्डचा. जेल चालवायचा आणि प्रथिन मोजायचा. म्हणजे पहिले तिन्ही प्रथिनवाल्यांच्या रोजच्या कामाचे, भांडी घासण्याइतके रोजचे. लाउरींनी स्वतःच एका पत्रात कबूल केलं होतं की तो काही थोर निबंध नाही, पण त्याला मिळणारा प्रतिसाद पाहून आतून मजा वाटते. आणि 1951 हेच बर्डच्या हुलग्याचं साल. एका निबंधाचे लाखोंनी उल्लेख. दुसऱ्याच्या जिवावर जगभर रक्तपेढ्यांतल्या फ्रिजमध्ये बाटल्या उभ्या. मिरजेच्या ताई ती बाटली रोज उघडतात, आणि कुठल्याही एच-इंडेक्समध्ये तो थेंब पडत नाही. याच बर्डने 1964 मध्ये भुईमुगातही असंच लेक्टिन दाखवलं. सोयाबीनमधलं लेक्टिन पुढे अस्थिमज्जेच्या रोपणात नको त्या पेशी वेगळ्या करायला वापरलं गेलं. हुलगा, भुईमूग, सोयाबीन. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजार समितीत तिन्हींची पोती एका छपराखाली सापडतात. हुलग्याच्या लेक्टिनने आजकाल मूत्रपिंडातल्या मूत्र गोळा करणाऱ्या नलिका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. मुतखड्याच्या कढणाशी याचा काहीएक संबंध नाही, पण मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने मला बोलूच दिलं नाही. "मी काय सांगत हुते!"

2019 च्या ऑगस्टमधला पूर आला, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. आमच्या लॅबमध्ये पाणी शिरलं नाही, पण वीज गेली ती आठवडाभर. माझ्या दोन सहकाऱ्यांची घरं बुडाली होती, त्यात फ्रीजरचा विचार करायलाही लाज वाटावी अशी वेळ. परत गेले तेव्हा फ्रीजरमधून वास येत होता. एन्झाइम्स गेली, पेशी गेल्या. दहा वर्षं जुनी लेक्टिनची नळी कोमट होऊन पडलेली. टाकण्यापूर्वी सवयीने टायटर लावला. 256. एका खळग्याचा फरक. जतच्या रानातलं बियाणं ते.

फाईल गेली. मुलाखतीला तिघे तज्ज्ञ होते. एकांनी विचारलं, "हुलगा? यात अप्लाइड काय?" मी रक्तपेढीपासून सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, इतक्यात शेजारचे म्हणाले, "मॅडम, पान 214 वर शिक्का राहिलाय." मग सगळेच पान 214 शोधू लागले. ते सापडेपर्यंत वेळ संपली. बढतीचं पत्र सात महिन्यांनी आलं, फरकाची रक्कम अजून यायची आहे.

या वर्षी पीएच.डी.ला एक मुलगी आली आहे, खानापूर तालुक्यातली. तिच्या रानातल्या हुलग्याचं टरफल आमच्या काळ्याहून वेगळं दिसतं, म्हणून तिने दोन किलो आणलेत. ते काल भिजत घातले. तिचा रक्तगट ए आहे, कार्डावर तसं लिहिलंय. मी तिला म्हटलं, सोमवारी ताटली लावू, पण आधी मिरजेला जाऊन ये. ताई आता तिथल्या सिनियर झाल्यात. माझं नाव सांग आणि म्हणावं, हुलग्याचा एक थेंब द्या.